मागे कोण बसणार?

टायरच्या दुकानात वजनकाटा कशाला, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं. गोदामात असतो तसला, जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. मोटरसायकलचं मागचं चाक त्यावर चढवायचं, मालकानं गाडीवर बसायचं, मागे रोज बसणारं माणूस असेल तर त्यालाही बसवायचं, पिशव्या-डबे लटकवायचे, आणि मग दुकानदार वाकून आकडा वाचणार. तोवर टायरला हात नाही. बायका लाजायच्या. पोरं पोट आत ओढून बसायची, जसं काही त्यानं वजन कमी होतं! म्हणून अख्ख्या बाजारात दुकानदाराला कुणी नावानं हाक मारत नसे. तो काटेवाला.

काट्यामागच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं चार प्रश्न रंगवले होते. कोण चालवणार? मागे कोण बसणार? ओझं किती? कुठल्या हवेत? कितीही घाईचं गिऱ्हाईक असो, चार उत्तरं मिळाल्याशिवाय काटेवाला जागचा हलायचा नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक टायरच्या कडेला बारीक आकडा छापलेला असतो, तो टायर किती किलो पेलेल ते सांगतो. लोक नक्षी बघतात, तो आकडा बघत नाहीत. आणि रबराचंही तसंच. कडक रबर तापलेल्या डांबरावर वर्षानुवर्षं टिकतं, पण थंडीत आणि ओल्यात रस्ता धरत नाही. मऊ रबर थंडीत रस्ता घट्ट धरतं, पण उन्हात भराभर झिजतं. सगळ्यांना सगळं चालणारा टायर कुणी बनवलेला नाही.

असा हा काटेकोर माणूस, आणि त्याच्या हातून काय व्हावं!

गुरुवारी सकाळी साडेआठला त्यानं शटर वर केलं, बायकोनं गल्ल्यावर बसून वही उघडली, तेवढ्यात फोन वाजला. भाची बोलत होती. काटेवाल्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी, वर डोंगरातल्या थंड गावात दोन महिन्यांपूर्वी राहायला गेलेली.

"मामा, आई-बाबा किती वाजता निघाले रे? दोघांचेही फोन लागत नाहीयेत."

"दाजी निघाले? कुठे?"

"अरे, माझ्याकडे! म्हणजे तुला सांगितलंच नाही? आई शिलाई मशीन घेऊन येतेय. मी इथे दुकान टाकतेय ना कपडे शिवायचं."

"बसनं येतायत का?"

"बसनं कशाला? बाबांच्या गाडीवरून! आई मागे बसतेय, मामा. अकरा वर्षांनी! मला तर खरंच वाटेना."

फोन कानालाच राहिला आणि नजर आपोआप भिंतीवर गेली. मागे कोण बसणार? सोमवारी दाजी आले होते. बहिणीचा नवरा, निवृत्त हेडमास्तर, घरचे जावई, चालण्या-बोलण्यात अजून शाळेची घंटा. "मागचा टायर बदल रे, चांगला टिकाऊ टाक, पुन्हा पुन्हा यायला लावू नकोस," म्हणाले. काटेवाल्यानं खुर्ची पुढे केली, चहा मागवला, गुमान कडक रबराचा टायर उतरवला आणि बसवला. हवा भरली ती एकट्या माणसापुरती. काट्यावर गाडी चढवली नाही. एक प्रश्नही विचारला नाही.

का नाही विचारला? बायकोला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जावयाला कोण काट्यावर चढवतं, एकदा सुचवलंत तेव्हा 'आम्ही काय बटाट्याचं पोतं आहोत का' म्हणून आठ दिवस फुगून बसले होते. ते खरंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. बाजारात कुणालाही तो बेधडक विचारायचा, मागे कोण बसणार? दाजींना विचारायला त्याची जीभ रेटायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी दुकान नवीन होतं. पहिल्याच महिन्यात मोठ्या हौसेनं त्यानं दाजींच्या गाडीला टायर बसवून दिला होता. आठवड्याभरात एका वळणावर गाडीचं मागचं चाक सटकलं आणि ताई रस्त्यावर फेकली गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. ताई शिवणकाम करणारी, उजवं मनगट पुन्हा पुरतं वळलंच नाही, कात्री तिला डाव्या हातानं धरायला शिकावी लागली. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, झालं तरी काय? ताई म्हणाली, "काही नाही गं, मला डुलकी लागली. मी कलंडले म्हणून गाडी गेली." संपलं. तेव्हापासून घरात तिची चेष्टा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. ताई चालत्या गाडीवर झोपते! लग्नकार्यात, जेवणाच्या पंगतीत, कुठेही. ती हसायची, पण गाडीवर मागे म्हणून पुन्हा कधी बसली नाही.

काटेवाल्यानं मात्र दुसऱ्या दिवशी तो टायर एकट्यानं हातात घेऊन पाहिला होता. कडेचा आकडा दोन माणसांचा नव्हताच. रबर जुन्या साठ्यातलं, अंगठ्यानं दाबलं तर दबेना. त्यानं तो टायर कापून फेकला आणि कुणालाही, अगदी बायकोलाही, सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात काटा आणला. लोकांना वाटलं, धंद्याची युक्ती आहे.

आणि आता, अकरा वर्षांनी, ज्या एका माणसासाठी काटा आणला ते माणूस गाडीवर बसलं होतं, आणि नेमकी तीच गाडी काट्यावर चढली नव्हती.

"अहो, काय झालं? तोंड असं पांढरं का पडलंय?" बायको उठून आली.

"कागद दे," तो म्हणाला. "नाही, राहू दे." तोंडानंच हिशोब मांडला. गाडीचा मागच्या चाकावरचा भार नव्वद किलो. दाजींच्या अंगाचा मागे येणारा पंचावन्न. ताई पासष्ट, ती सगळीच्या सगळी मागे. मशीन चौदा. कापडाचं गाठोडं असणारच, ताई रिकाम्या हातानं लेकीकडे जाते थोडीच! धरा दहा. दोनशे चौतीस. आणि त्यानं बसवलेल्या टायरवर चोपन्न छापलं होतं, म्हणजे कंपनीच्या तक्त्याप्रमाणे दोनशे बारा किलो. त्यात हवा कमी. खाली मैदानात मरणाचं ऊन, त्यात तो टायर आतून तापत जाणार. आणि वर घाटात धुकं, भुरभुर पाऊस, तिथे तेच कडक रबर थंड पडणार. म्हणजे खाली फुटायची भीती आणि वर सटकायची. निवडून निवडून याहून वाईट टायर त्याला सापडला नसता.

"त्यांना सांगा ना, थांबा म्हणून!"

"दाजी गाडी चालवताना फोन घेत नाहीत. शिस्तीचा माणूस! आणि ताईचा बंद आहे."

त्यानं खुंटीवरून त्याच मापाचा मऊ रबराचा टायर काढला, कडेचा आकडा वाचला. बासष्ट. म्हणजे दोनशे पासष्ट किलो. मग पुन्हा वाचला. हातपंप, साबणाच्या पाण्याची बाटली, पाने, टायर उचकटायचे दोन लोखंडी टॉमी पिशवीत कोंबले. टायर खांद्यावरून छातीवर तिरका अडकवला आणि स्वतःच्या गाडीला किक मारली. बायको मागून ओरडली, "हळू जा! त्यांना वाचवायला जाताना तुम्ही पडू नका म्हणजे मिळवलं!"

हळू जाणं शक्यच नव्हतं. साठ किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाड नाही. नऊ वाजताच डांबर चमकायला लागलं होतं. दाजी सात वाजता निघाले असतील, चाळिसाच्या वर जात नाहीत, साडेआठपर्यंत घाटाच्या पायथ्याशी. त्याचा हिशोब बरोबर असेल तर मैदान त्यांनी ओलांडलं होतं. नसेल तर? रस्त्याच्या कडेला काळ्या रबराची एक लांब साल पडलेली दिसली. गाडी थांबवून, खाली उतरून, हातात घेऊन बघितली. ट्रकची होती. "गाढवा, एवढं जाड रबर मोटरसायकलचं असतं का?" त्यानं स्वतःलाच शिवी दिली. पण पुढच्या तुकड्यापाशी तो पुन्हा थांबला, आणि त्याच्या पुढच्याही.

मनात एकच घोकणं चाललं होतं. विचारलं का नाहीस? एक वाक्य, तीन शब्द. अरे, परक्या माणसाच्या आजीला उचलून काट्यावर बसवतोस आणि स्वतःच्या बहिणीचं नाव घ्यायला तुझी दातखीळ बसते?

पायथ्याशी चहाची टपरी होती. चहावाली बाई त्याच्या छातीवरचा टायर बघून हसली. "हार घालून कुठे निघालात?"

"एक म्हातारे गृहस्थ, ताठ बसणारे, मागे बाई, शिलाई मशीन बांधलेलं..."

"गेले की! अर्धा तास झाला असेल. बाई म्हणत होत्या, मागे हवा कमी वाटतेय, बघा जरा. ते म्हणाले, टायर नवाकोरा आहे, तुझ्या भावानंच बसवलाय, उगाच शंका काढू नकोस."

काटेवाल्यानं चहाचा पेला तसाच परत केला.

घाट सुरू झाला तशी हवा बदलली. पहिल्या दोन वळणांवर अंगातला घाम गार पडला, चौथ्या वळणावर धुकं आलं, सहाव्यावर रस्ता ओला. त्याची स्वतःची गाडी रस्ता धरून होती, कारण स्वतःच्या गाडीला त्यानं विचार करून टायर बसवला होता. तेही त्याला टोचलं. प्रत्येक वळणाआधी तो कठड्याकडे बघायचा, कठडा धड दिसला की श्वास सोडायचा. आठव्या वळणावर माणसांचा घोळका दिसला. काठाशी वाकून सगळे खाली बघत होते.

गाडी स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही, ती तशीच आडवी टाकून तो धावला. "कोण आहे? बाई आहे का? बाई?"

"कुठली बाई?" एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "कोबी आहे. टेम्पोची दोरी तुटली. सगळा कोबी दरीत गेला माझा!"

काटेवाला कठड्यावर मटकन बसला. हसावं की रडावं ते कळेना. मग दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आडवी गाडी उचलली आणि निघाला.

दोन वळणं पुढे धुक्यात आधी छत्री दिसली. मग छत्रीखाली ताई. रस्त्याच्या आतल्या कडेनं, गाठोडं काखेत मारून, ताडताड पायी चालत होती. आणि तिच्या शेजारून, तिच्याच चालीनं, दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत, दाजी मोटरसायकल घेऊन चालले होते. मागच्या सीटवर शिलाई मशीन दोरीनं आवळून, ऐटीत.

"आलास?" ताई म्हणाली, जसं काही तो रोजच इथे येतो.

"बघ बाबा तुझ्या बहिणीचा कारभार!" दाजी भडकलेच होते. "तीन वळणं झाली, खाली उतरून चालतेय. घाट चढून जाणार म्हणे पायी! लोक थांबून विचारतात, भांडण झालंय का. अकरा वर्षांनी एकदा बसली आणि..."

काटेवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो ओल्या रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि मागच्या टायरला हात लावला. मशीनच्या नुसत्या भारानंही टायर खाली फेंगडला होता. कडेनं, अगदी आकड्याच्या खाली, बारीक सुरकुती पडली होती, आणि तिच्या एका टोकाला केसाएवढी चीर. नखानं दाबल्यावर ती उघडली.

"ताई," तो म्हणाला, "तू का उतरलीस?"

"मागचं चाक कंबर हलवल्यासारखं हललं."

"झोपेत वाटलं असेल तुला," दाजी म्हणाले. सवयच ती!

ताईनं छत्री मिटली. "तेव्हाही अस्संच हललं होतं," ती भावाकडे बघत म्हणाली. "पडण्याच्या आधी. दोनदा. मी तेव्हाही जागीच होते."

दाजींचं तोंड उघडं राहिलं होतं. काटेवाल्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता हा रस्ता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"तुला माहीत होतं?" शेवटी त्याच्या तोंडून निघालं. "टायरचं?"

"तुझं दुकान उघडून महिना झाला नव्हता रे. मी टायर म्हणाले असते तर कोण आलं असतं पुन्हा तुझ्याकडे? डुलकी म्हणाले. डुलकीनं कुणाचं दुकान बंद पडत नाही."

"आणि मी अकरा वर्षं तुला झोपाळू म्हणतोय," दाजी हळूच म्हणाले. शाळेची घंटा कुठच्या कुठे गेली होती.

"म्हणालात. आता पुरे."

"ताई, मला तेव्हाच कळलं होतं," काटेवाल्याचा आवाज फाटला. "मी तो टायर बघितला होता. तुझं मनगट बघितलं की दर वेळी... पण सांगितलं नाही. भ्यायलो. आणि सोमवारी दाजी आले तेव्हाही म्हणूनच विचारलं नाही, मागे कोण बसणार. तुझा विषय निघेल म्हणून. कुणालाही विचारतो गं मी. कुणालाही."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं की," दाजी म्हणाले. "हिनंच पाठवलं होतं मला. म्हणाली, भावाकडून टायर बदलून आणा, मग बसते मी मागे. त्याच्याकडे आता काटा आहे, म्हणाली."

हे ऐकलं आणि काटेवाल्याला रडू आवरेना. पन्नाशीचा माणूस, छातीवर टायर अडकवलेला, घाटात रस्त्याच्या कडेला ओक्साबोक्शी रडत होता. ताईनं त्याला रडू दिलं. मग पाठीत एक धपाटा घातला. "बास. रस्त्यात किती वेळ उभं करणारेस? बदल तो."

त्यानं मशीन उतरवलं, गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक काढलं. थंडीनं बोटं आखडली होती, नट दोनदा हातातून निसटला. दाजी न सांगता छत्री धरून उभे राहिले, काटेवाल्याच्या डोक्यावर नाही, चाकावर, साबणाचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून. टॉमी घालून कडक टायर उचकटला, मऊ बसवला, पंपानं हवा भरली. या वेळी दोन माणसं आणि ओझं धरून. भरली, मोजली, थोडी सोडली, पुन्हा मोजली.

मग हात पुसून तो दाजींसमोर उभा राहिला. शाळेत उभं राहतात तसा.

"दाजी, गाडी कोण चालवणार?"

दाजींना क्षणभर कळेना. मग त्यांनी घसा साफ केला. "मी."

"कुठल्या हवेत?"

"हीच. थंड, ओली. परवा पुन्हा खालच्या उन्हात."

"तर उतरताना हवा तपासून घ्यायची. आणि परत आल्यावर सरळ दुकानात यायचं. काट्यावर."

"येईन."

"वजन किती तुमचं?"

"पंचाऐंशी," दाजी म्हणाले. ताईनं नुसतं बघितलं. "एकोणनव्वद," दाजी म्हणाले.

"ओझं?"

"मशीन, गाठोडं."

आता एकच प्रश्न राहिला होता. काटेवाल्यानं पुसलेले हात पुन्हा पुसले. ताई कठड्याकडे बघत होती. तिनं नाही म्हटलं तर ते बरोबरच होतं. पुढचा घाट तिच्यासोबत चालायची त्याची तयारी होती, मशीन डोक्यावर घेऊन.

"मागे," तो म्हणाला, "मागे कोण बसणार?"

दाजींनी ताईकडे बघितलं. ताई खाली वाकली. न वळणाऱ्या मनगटाच्या हातानं तिनं नव्या टायरवर अंगठा दाबला. रबर दबलं. तिनं कडेचा आकडाही वाचला, चष्मा कपाळावर सरकवून.

"आता विचारून बसवलास ना?"

"हो."

"मग मी बसते."

मशीन तिच्या मागे बांधलं. गाठोडं काटेवाल्यानं स्वतःच्या गाडीवर घेतलं, आणि चिरलेला टायर खांद्याला अडकवला. तो कापून फेकायचा नव्हता. दुकानात भिंतीवर टांगायचा होता, त्या चार प्रश्नांच्या शेजारी, कुणी विचारलं तर सांगायला.

दाजींची गाडी पुढे, तो वीस पावलं मागे. त्याची नजर मागच्या चाकावरून हलत नव्हती. पहिलं वळण आलं, चाक वळलं, धुक्यात शिरलं आणि सरळ बाहेर आलं. ताईची पाठ ताठ होती, एक हात दाजींच्या खांद्यावर घट्ट. दुसरं वळण आलं. गाडी कलली, आणि ताईनं मागे न बघता आपला तो अर्धवट वळणारा उजवा हात वर केला.

"जागी आहे रे मी!" ती मोठ्यानं ओरडली. "जागी आहे!"